आर्व्हिडच्या यादीतले थांबे

ज्या माणसाने जन्मात शाळेच्या बसच्या वेळापत्रकाखेरीज काही शेवटपर्यंत वाचलेलं नाही, त्याने उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी करायला बसू नये. बसलाच तर दार लावून बसावं. आणि दार लावणं जमत नसेल, कारण मिनेसोटात बर्फ सरल्यावर दार लावून घेणारा माणूस एकतर आजारी समजला जातो नाहीतर गर्विष्ठ, तर निदान यादी पेन्सिलीने करावी. आर्व्हिड टॉलेफसनने ती शाईने केली. पुढे जे घडलं त्याचं मूळ त्या शाईत आहे, असं त्याचं स्वतःचं मत. त्याची बायको मार्डेल हिचं मत असं, की मूळ त्याच्या स्वभावात आहे, आणि स्वभाव काही पेन्सिलीने काढलेला नसतो.

नॉर्बी गावच्या शाळेच्या बसगाड्या कुठून कुठे जातील हे आर्व्हिड ठरवत असे. आधी बरीच वर्षं तो स्वतः बस चालवायचा. पुढे गुडघे बोलायला लागल्यावर त्याला टेबलाशी बसवून हाती नकाशा दिला. त्याच्या धंद्याचा एकच नियम होता आणि तो त्याने देवाच्या आज्ञेसारखा पाळला: थांब्यावर कुणी उभं असेल तर गाडी पुढे न्यायची नाही. मूल शेंबडं असो, उशिरा धावत येणारं असो, मागच्या आठवड्यात बसमध्ये ओकलेलं असो. थांबा म्हणजे थांबा. हा नियम बसला शोभतो. पुस्तकांना लावला तर काय होतं, तेच इथे सांगायचं आहे.

यादीचं कारण होतं ब्रिटा, त्याची मुलगी. ती शिकागोत एका पुस्तकं छापणाऱ्या कंपनीत कामाला होती, दुसऱ्यांची वाक्यं सरळ करायच्या कामाला. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि तो नेमका आर्व्हिड उचलायचा.

"बाबा, बर्फ वितळलं का?"

"वितळलं."

"गाडी ठीक?"

"ठीक."

"बरं."

"बरं. आईला देतो हं."

एवढं झालं की मार्डेल हात पुढे करायची, फोन त्या हातात जायचा, आणि पुढचा तासभर स्वयंपाकघरातून हसण्याचे आवाज यायचे. आर्व्हिड गॅरेजमध्ये जाऊन गाडीचं तेल बघायचा. गावात इतकं वेळेवर तेल बघितलं जाणारी दुसरी गाडी नव्हती.

जुलैत ब्रिटा आठवडाभर यायची आणि तिघं बुलहेड तळ्याकाठच्या आपल्या लाकडी खोपटात राहायला जायचे. पाण्यात गेलेल्या धक्क्याच्या टोकाला दोन खुर्च्या होत्या. एकीवर ब्रिटा पुस्तक घेऊन बसायची, दुसरीवर तिचा टॉवेल. आर्व्हिड इंधनाचा डबा घेऊन तिथून जायचा आणि विचारायचा, "डास चावतायत का?" ती म्हणायची, "नाही रे, बाबा." मग तो डबा घेऊन परत यायचा. डबा रिकामाच असायचा. जाण्यायेण्याला काहीतरी निमित्त हवं. त्याला विद्वान व्हायचं नव्हतं. त्याला त्या टॉवेलच्या जागी बसून एक वाक्य बोलायचं होतं, ज्यात डास, इंजिन आणि हवामान नसेल. एवढंच.

तेव्हा मे महिन्यातल्या एका सकाळी तो न्याहारीच्या टेबलाशी कागद घेऊन बसला.

"काय लिहितोयस?" मार्डेलने विचारलं.

"यादी."

"दूध लिही. आणि कांदे."

"वाण्याची नाही. वाचायची. उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची."

मार्डेलने चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे पाहिलं. "डॉक्टरांनी सांगितलं का?"

"माणसाने आपणहून वाचू नये का?"

"वाचावं की. मी आपलं विचारलं. कांदे मीच आणते."

यादीत पहिलं नाव त्याने ठसठशीत लिहिलं: 'नदीकाठचे सात दुःखी'. ईस्टरला ब्रिटा फोनवर आईला या पुस्तकाचं सांगत होती. नाव कानावर पडलं आणि तो तेल बघायला गेला होता. सातशे पानांचं, कुठलंसं मोठं बक्षीस मिळालेलं पुस्तक. हे एक वाचायचं, जुलैत दुसऱ्या खुर्चीवर बसायचं, वाक्य बोलायचं. एक थांबा, सरळ रस्ता. त्या सकाळी आर्व्हिड इतका खूश होता, की त्याने खरंच दूध आणून दिलं.

वाचनालयात रोवेना स्टांगलँड बसायची. लहानपणी ती त्याच्याच बसने यायची, अगदी शेवटच्या थांब्यावर चढायची, त्यामुळे तिला त्याच्याबद्दल आदर होता आणि अडवणूक करताना तिला फार वाईट वाटलं.

"मिस्टर टॉलेफसन, तुम्हाला कार्ड नाही देता येणार."

"का बरं?"

"हे वाचनालय आपल्या जिल्ह्याचं. तुम्ही राहता आपल्या जिल्ह्यात. पण तुमची पत्रपेटी रस्त्याच्या पलीकडे आहे, ती शेजारच्या जिल्ह्यात राहते. आणि यंत्राला पत्रपेटीचाच पत्ता कळतो."

"मग पत्रपेटीला पुस्तकं द्यायला शेजारचा जिल्हा तयार आहे का?"

"ते तर माणूस कुठे झोपतो ते विचारतील," रोवेना कळवळून म्हणाली. "तुम्ही असं करा, तुम्ही घरातच राहता असं गावकीच्या कारभाऱ्याकडून लिहून आणा."

गावकीचा कारभारी म्हणजे शेजारचा डेल्मर. तो संध्याकाळी आपल्या हिरवळीवर यंत्र फिरवत होता, आर्व्हिड आपल्या. दोघांच्या मध्ये हातभर गवत. आर्व्हिडने आपलं यंत्र थांबवून काम सांगितलं. डेल्मरने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "हे कार्यालयीन काम आहे, आर्व्हिड. मंगळवारी संध्याकाळी कार्यालयात ये."

कार्यालय म्हणजे डेल्मरचं स्वयंपाकघर. मंगळवारी आर्व्हिड गेला तर डेल्मरने त्याला आधी ओसरीवर बसवलं, कारण तशी पद्धत. आत दुसरं कुणी नव्हतं. थोड्या वेळाने त्याने स्वतःच दार उघडून "पुढचे" अशी हाक मारली.

"नाव?"

"डेल्मर, आपण लग्नाच्या आधीपासून शेजारी आहोत."

"नाव."

"आर्व्हिड टॉलेफसन."

"राहणार?"

आर्व्हिडने खिडकीतून बोट दाखवलं. पलीकडे त्याच्या स्वयंपाकघरात मार्डेल कांदे चिरताना दिसत होती. तिने हात हलवला. डेल्मरने हात हलवला आणि 'प्रत्यक्ष पाहणी केली' असं लिहिलं. शिक्का चमच्यांच्या खणातून निघाला.

"आता हे विचारतो ते कारभारी म्हणून," शिक्का उमटवता उमटवता तो म्हणाला. "तू बस चालवायचास तेव्हा दफनभूमीच्या बाजूने लांबचा फेरा का मारायचास? गिरणीवरून सरळ रस्ता होता. गावाचं इंधन काय तळ्यातून येत होतं?"

हा प्रश्न डेल्मर दर वर्षी विचारायचा आणि आर्व्हिड दर वर्षी तेच उत्तर द्यायचा: "तिकडून बरं पडायचं."

"बरं पडायचं म्हणे. आणि आता वाचायला निघालास. तर मग वाचण्यासारखं काहीतरी वाच." असं म्हणून डेल्मरने, ज्याचं आयुष्य काँक्रीट कालवण्याच्या कारखान्यात गेलं होतं, कपाटातून 'सिमेंटचा संपूर्ण इतिहास' काढून टेबलावर ठेवला. दोन खंड. टेबल किंचित हललं.

नॉर्बीत कॉफीला तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा हो म्हणायची रीत आहे. पण पुस्तकाला नाही कसं म्हणायचं याची रीतच नाही. एखादी गोष्ट अगदीच सहन झाली नाही तर तिथला माणूस जास्तीत जास्त म्हणतो, "वेगळंच आहे हं." यापुढची शिवी त्या गावाला ठाऊक नाही. आर्व्हिड म्हणाला, "वेगळंच आहे हं." डेल्मरला ते कौतुक वाटलं. भीड भिकेची बहीण म्हणतात; त्या संध्याकाळी ती दोन खंड उचलून आर्व्हिडच्या मागोमाग घरी आली. आणि थांब्यावर उभं राहिलेलं पुस्तक सोडून पुढे जायचं नाही, म्हणून त्याने ते यादीत लिहिलं. शाईने.

कार्ड मिळालं. कार्डाबरोबर रोवेनाने आनंदाच्या भरात त्याचं नाव उन्हाळी वाचनाच्या उपक्रमात घातलं. तिथे भिंतभर निळा कागद लावून तळं केलेलं होतं. ज्याने पुस्तक वाचून संपवलं त्याच्या नावाखाली रोवेना एक कागदी मासा डकवायची. पोरांच्या बाजूला मासे नुसते वळवळत होते. मोठ्यांच्या बाजूला ज्याने त्याने आपली यादी टाचायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं कोण काय वाचतंय. आर्व्हिडला हे आधी माहीत नव्हतं. तो समजला यादी कपाटात ठेवतात.

आपली आवड अशी चारचौघांत टांगणं म्हणजे धुणं रस्त्यावर वाळत घालण्यासारखं. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला सगळे जमले तेव्हा पाद्री ओस्टबी पेला घेऊन जवळ आले.

"आर्व्हिड, यादी पाहिली तुझी. छान आहे. दुःख आहे, सिमेंट आहे. आत्म्यासाठी मात्र काही दिसलं नाही."

"राहिलं खरं," आर्व्हिड म्हणाला.

"योगायोग बघ," असं म्हणत पाद्रीबाबांनी कोटाच्या खिशातून 'गळ टाकून बसलेल्याची प्रार्थना' हे पुस्तक काढलं. ते त्यांनी स्वतःच लिहून स्वतःच छापलं होतं, आणि त्याच्या गठ्ठ्यांमुळे चर्चमध्ये ओले कोट टांगायला जागा उरली नव्हती. योगायोग त्यांच्या खिशात गेली दोन वर्षं असायचा.

चौथा थांबा पलीकडच्या बर्नडीनबाईंचा. त्यांच्या खुब्याचं हाड बसवलं म्हणून मार्डेलने त्यांना हॉटडिश पाठवली होती: खाली खिमा, वर बटाट्याच्या गोळ्या, भट्टीत खरपूस भाजलेली. आता कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही चाल जगात सगळीकडे सारखी. बर्नडीनबाई एरवी रुबार्बच्या आंबटगोड वड्या भरून द्यायच्या. पण खुब्यामुळे भट्टीशी वाकता येईना. म्हणून त्यांनी भांडं घासलं, पुसलं, आत स्वच्छ फडका अंथरला आणि त्यावर एक पुस्तक ठेवून दिलं: 'तबेल्यातलं चांदणं'. मुखपृष्ठावर एक गुराखी होता. त्याच्याकडे टोपी होती, घोडा होता, सदरा नव्हता.

"मी ते चार वेळा वाचलंय," बर्नडीनबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या. "ऑपरेशनच्या आधीही वाचत होते. भूल द्यायला आलेल्या पोरीला म्हटलं, बाई गं, एवढं प्रकरण होऊ दे. यादीत लिही हो, आर्व्हिड. मी रोवेनाला फोन करून विचारीन."

लिहिलं. मग बर्नडीनबाईंचं घेतलं म्हणून त्यांच्या बहिणीचं, पाद्रीबाबांचं घेतलं म्हणून भजनमंडळाच्या बाईंचं, आणि न्हाव्याचं घेतलं नाही तर केस कोण कापणार म्हणून न्हाव्याचं. पहिला थांबा दुःखाचा, सात जणांच्या रडण्याचा. दुसरा थांबा सिमेंटचा, दोन खंडांच्या ओझ्याचा. तिसरा थांबा प्रार्थनेचा, पाद्रीबाबांच्या खिशाचा. चौथा थांबा गुराख्याचा, सदरा नसलेल्या छातीचा. यादीने पान उलटलं. एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात तशी पुस्तकं जिन्याच्या पायऱ्यांवर बसली आणि मार्डेल ती ओलांडून वर जाऊ लागली. "वाढदिवसाला मला यातली एक पायरी दे," ती म्हणाली.

राहिलं फक्त वाचन. जूनमध्ये आर्व्हिड 'सात दुःखी' घेऊन व्हरांड्यात बसला. अकराव्या पानापर्यंत पुस्तकातल्या माणसांनी व्हरांडा भरला, आणि प्रत्येकाला तीन तीन नावं: एक आईने हाक मारायचं, एक रागवायचं, एक मेल्यावर घ्यायचं. मग त्याने आपल्या धंद्याची युक्ती केली. भिंतीवर मोठा कागद लावून त्यावर पात्रांचा बसनकाशा काढला. नदीकाठी मोठी आत्या, वळणावर तिचा दीर, चौकात धाकटी जाऊ. नकाशा फार सुरेख झाला. त्याला असं दिसून आलं, की धाकट्या जावेला आत्याच्या आधी घेतलं असतं तर या कुटुंबाचा पुष्कळ वेळ वाचला असता आणि कदाचित दोघांचे जीवही. एवढं कळल्यावर पुस्तक वाचायची निकड उरली नाही आणि तो झोपला.

गाव मात्र जागं होतं.

"सिमेंट कुठवर आलं?" डेल्मर हिरवळीवरून ओरडायचा.

"मधल्या भागात आहे."

"सेट होतंय ना?"

"होतंय, होतंय."

"प्रार्थना?" पाद्रीबाबा पेट्रोलपंपावर विचारायचे.

"मधल्या भागात आहे."

बर्नडीनबाई तर खिडकीतूनच खूण करायच्या: डोक्यावर टोपी असल्याची आणि पुढे काय म्हणून तळवा उलटा. आर्व्हिड मधल्या भागात असल्याची खूण करायचा, आणि ती अशी काही दिसायची की बर्नडीनबाई लाजून पडदा ओढायच्या. निळ्या तळ्यात त्याच्या नावाखाली एक मासा नव्हता. मासेमारीला बंदी असल्यासारखं ते पाणी स्वच्छ होतं.

चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत दर वर्षी वाचनालयाची जुनी बस असते. आत पोरं बसतात आणि खिडक्यांतून रस्त्यावर गोळ्या-चॉकलेटं फेकतात. या वर्षी बस चालवायला रोवेनाने आर्व्हिडला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो अंमळ लवकरच जाऊन सुकाणूशी बसला. चालकाच्या जागेवरून गावं दिसतात, शेतं दिसतात, आरशात मागची पोरंही दिसतात. आपल्या बसची बाहेरची बाजू तेवढी दिसत नाही.

बस मुख्य रस्त्याला लागली आणि लोक हसले. आर्व्हिडला वाटलं, किती हा लोभ. त्याने हात हलवला. लोक आणखी हसले, टाळ्या पिटल्या. एकाने टोपी उडवली. तो राजासारखा हात हलवत बँकेच्या चौकात आला आणि तिथे कडेला त्याला ब्रिटा दिसली. ती एक दिवस आधीच आली होती. तिच्या खांद्यावर पिशवी होती आणि ती हात न हलवता बसकडे बघत होती. बसकडे म्हणजे, बस वाचत होती. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत तिची नजर हळूहळू सरकली, कामावर असते तशी, चुका शोधणारी. शेवटाशी आली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

मिरवणूक संपल्यावर आर्व्हिड खाली उतरून बाजूला गेला. बसला लांबलचक कापड लावलेलं होतं. 'आपला उन्हाळी वाचक: आर्व्हिड टॉलेफसन', खाली त्याची सगळी यादी, 'सात दुःखी'पासून न्हाव्यापर्यंत, मध्यभागी 'तबेल्यातलं चांदणं' जरा मोठ्या अक्षरात कारण ती ओळ मावत होती, आणि शेवटी: 'आतापर्यंत मासे: शून्य. चला, धीर देऊ या.'

"तुम्हाला हुरूप यावा म्हणून," रोवेना म्हणाली.

"आला," आर्व्हिड म्हणाला. "वेगळंच आहे हं."

घरी जाताना गाडीत ब्रिटा आईला म्हणाली, "सिमेंटचे दोन खंड?" आणि मार्डेल म्हणाली, "मला विचारू नकोस. मी जिना चढते एवढंच मला माहीत."

खोपटाकडे जाताना गाडीत पुस्तकांचं खोकं होतं. ते मावावं म्हणून बर्फाची पेटी घरी राहिली आणि मार्डेलने बटाट्याचं सॅलड सबंध वाट मांडीवर धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिटा धक्क्यावर जाऊन बसली. आर्व्हिडने दाढी केली. 'सात दुःखी' बगलेत मारून तो धक्क्याच्या टोकाला गेला, टॉवेलची घडी घातली आणि दुसऱ्या खुर्चीवर बसला. खुर्ची कुरकुरली. तिला सवय नव्हती.

तळं अगदी शांत होतं. त्याने पुस्तक मधोमध उघडलं, थोडा वेळ पान बघितलं आणि तयार करून आणलेलं वाक्य बोलला.

"भाषा रुंद आहे."

ब्रिटाने मान वळवली. "कशाची?"

"याची. सात जणांची."

"बाबा, तू ते खरंच वाचतोयस?"

"मधल्या भागात आहे."

"कमाल आहे तुझी. मी तिसाव्या पानावर सोडलं. असलं रडगाणं जन्मात वाचलं नाही. ईस्टरला आईला तेच सांगत होते ना मी."

पाण्यावर एक बदक उतरलं आणि काही नाही असं बघून उडून गेलं. आर्व्हिड पुस्तकाकडे बघत राहिला. पत्रपेटी, डेल्मरचा शिक्का, भिंतीवरचा नकाशा, बसवरचं कापड, सगळं या एका पुस्तकासाठी. आणि ज्या थांब्यासाठी त्याने सबंध मार्ग आखला, त्या थांब्यावर कुणी उभंच नव्हतं.

"अच्छा," तो म्हणाला. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. "डास चावतायत का?"

"नाही रे, बाबा."

"मी जरा इंजिन बघतो."

त्यांची बोट म्हणजे सपाट तराफा. वर कापडी छत, खाली बाकं, आणि चाल अशी की काठावरून चालणारा माणूस पुढे निघून जावा. आर्व्हिडने दोर सोडला. मागे पावलं वाजली. ब्रिटा खोक्यातून एक पुस्तक उपसून बोटीत चढली आणि त्याच्या मागच्या पहिल्या बाकावर बसली, पाय वर घेऊन, पाठ कठड्याला टेकून. त्याला मागे वळून बघावं लागलं नाही. शाळेच्या बसमध्ये ती अशीच बसायची.

"कुठलं आणलंस?"

"ज्याला सदरा नाही ते. वाचू का मोठ्याने?"

"तुझी मर्जी," आर्व्हिड म्हणाला आणि सुकाणू घट्ट धरलं.

गोष्ट साधी होती. लोरीन नावाची विधवा, तिचा तबेला, आणि तिथे कामाला आलेला रॅन्स, जो घोड्यांशी तासन् तास बोलायचा आणि तिच्यासमोर मुका व्हायचा. ब्रिटा आधी खिदळत वाचत होती, मग नीट वाचायला लागली. तळ्याला एक वळसा झाला. धक्क्यावरून मार्डेलने सॅलडचा वाडगा उंचावून दाखवला. बोट पुढे निघून गेली.

"हा तिला सरळ सांगत का नाही?" आर्व्हिडने विचारलं.

"बाबा, तिसरंच प्रकरण आहे."

"तरी पण. कुंपण दुरुस्त करतो, नाल ठोकतो, तिच्या वाटेवरचं बर्फ काढतो. तोंड उघडायला काय जातं त्याचं?"

ब्रिटा थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली. "काही माणसांना नाही जमत," ती म्हणाली. मग पुस्तकात बोट ठेवून: "बाबा, तुझी बस दफनभूमीच्या बाजूने का जायची? गिरणीचा रस्ता तर जवळचा होता."

आर्व्हिडने समोर बघितलं. समोर पाणीच होतं, तरी त्याने वळणावर बघावं तसं बघितलं.

"गिरणीकडे खड्डे होते."

"बस होती ती. खड्ड्यांनी काय होतंय?"

"तू वाचत असायचीस ना," तो म्हणाला. "ओळ चुकली असती तुझी."

इंजिन चाललं होतं, छताचं कापड फडफडत होतं. मग ब्रिटाने पान उलटलं.

"प्रकरण चौथं," ती म्हणाली, आणि पहिलीच ओळ तिने दोनदा वाचली.

तळ्याला किती वळसे झाले ते त्याने मोजलं नाही. लोरीनच्या तबेल्याला आग लागली होती, रॅन्स धुरात शिरला होता, आणि नेमकं तेव्हा इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. ज्या माणसाने आयुष्यात कधी टाकी अर्ध्याखाली जाऊ दिली नाही, त्याचं इंधन तळ्याच्या मधोमध संपलं. डबा काठावर होता, नेहमीसारखा रिकामा.

"आता?" ब्रिटाने विचारलं.

"आता काय. तो बाहेर आला का ते बघ आधी."

तो बाहेर आला, एक शिंगरू खांद्यावर घेऊन, आणि तोंड उघडून सगळं बोलला. आर्व्हिडने रुमालाने मान पुसली, मग डोळे, उकाडा फार होता. एवढ्यात गळ टाकून बसलेले पाद्री ओस्टबी आपली छोटी बोट घेऊन जवळ आले. त्यांनी दोर बांधला. बांधता बांधता त्यांना ब्रिटाच्या हातातलं मुखपृष्ठ दिसलं. त्यांनी टोपी बघितली, घोडा बघितला आणि जे नव्हतं तेही बघितलं.

"वेगळंच दिसतंय," पाद्रीबाबा म्हणाले.

"आत्म्यासाठी आहे," आर्व्हिड म्हणाला.

आणि नॉर्बीचा उन्हाळी वाचक, दोराने बांधलेला, सगळ्या खोपटांसमोरून ओढला जात काठाला लागला. त्याने हात हलवला. या वेळी लोक का हसतायत हे त्याला माहीत होतं.

ऑगस्टमध्ये जिन्यावरची पुस्तकं आपापल्या घरी गेली, प्रत्येकावर मार्डेलच्या वड्यांचा एक डबा, कारण रिकामं काही परत करायचं नाही. डेल्मरला आर्व्हिडने खरं सांगितलं, की सिमेंट काही वाचून झालं नाही. डेल्मर म्हणाला, "पहिला खंड माझाही राहिलाय." वाचनालयात आर्व्हिडने रोवेनालाही खरं सांगितलं: एक पुस्तक संपलं, पण मी वाचलं नाही, मी ऐकलं.

रोवेनाने नियम काढून दोनदा वाचले. तिला फार वाईट वाटत होतं. "मिस्टर टॉलेफसन, वाचून दाखवलेलं फक्त शाळेत न जाणाऱ्यांना चालतं. मोठ्यांचा मासा नाही देता येणार."

"मग?"

म्हणून आज निळ्या तळ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे दुपट्यातल्या पोरांची चिमुकली मासोळी डकवतात तिथे, 'टिली, वय तीन' आणि 'ऑगी, वय दोन' यांच्या मध्ये एक नखाएवढी मासोळी आहे: 'आर्व्हिड, वय एकोणसाठ'. न्हाव्यापासून सगळं गाव ती वाकून बघून आलं. आर्व्हिडही बघून आला. कुणी नसताना, चष्मा लावून.

त्या रविवारी फोन वाजला. आर्व्हिडने उचलला. मार्डेलने पिठाचा हात पुसला आणि सवयीने पुढे केला.

"बाबा, पाऊस आहे का?"

"नाही. तिकडे?"

"आहे. ऐक, बर्नडीनबाईंना सांग, 'तबेल्यातलं चांदणं'चा दुसरा भाग निघालाय. माझ्या हातात आहे. तू बसलायस का?"

आर्व्हिडने खुर्ची ओढली, भिंतीकडे तोंड करून बसला आणि दोन्ही हातांनी फोन धरला, सुकाणू धरावं तसा.

"बसलो," तो म्हणाला. "सावकाश वाच. रस्ता चांगला आहे."

मार्डेलचा हात पुढेच राहिला होता. तिने त्याकडे जरा बघितलं, मग तो मागे घेतला आणि गाडीचं तेल बघायला ती स्वतःच गॅरेजमध्ये गेली.